पी०१७२: इंजिन ‘रिच’ चाललंय म्हणजे नेमकं कुठे बघायचं?

स्कॅनरवर पी०१७२ हा कोड उमटला की गॅरेजमध्ये पहिलं नाव ऐकू येतं ओ-टू सेन्सरचं, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं. मग प्लग, मग इंजेक्टर क्लीनिंग. तिन्ही करून, बिल भरून गाडी साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत येते न येते तोच डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा लागतो. यात मेकॅनिक लबाड असतो असं नाही. या कोडमध्ये कुठल्याच पार्टचं नाव नसतं, आणि नाव नसलं की सवयीचं नाव घेतलं जातं. कोड एवढंच सांगतो की बँक एकमध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत, मिश्रण रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि पेट्रोल कमी करून करून ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, मर्यादा संपली आहे. आपल्याकडच्या तीन आणि चार सिलिंडरच्या गाड्यांत सगळे सिलिंडर एकाच रांगेत असतात, म्हणून बँक एक हीच एकमेव बँक. पी०१७५ हा त्याचा भाऊ व्ही-सिक्ससारख्या इंजिनांत दुसऱ्या रांगेसाठी येतो. तो साताऱ्याच्या रस्त्यांवर क्वचितच भेटेल.

माझं म्हणणं एकच आहे: ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) कधी उणे जातो हे बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. आयडलिंगला, हायवेला की घाट चढताना, या तिघांतला फरक बघायला अर्धा तास लागतो आणि तिथेच निम्मे संशयित गळतात.

पुढचं सगळं साध्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडतात त्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर फार वेगळं असतं, तिथे घरी हात घालू नये. सामान फार लागत नाही. ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अडॅप्टर, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं लाइव्ह डेटा दाखवणारं अ‍ॅप, मल्टिमीटर, प्लगचा पाना आणि रबरी पाइप दाबून धरायला एखादा क्लॅम्प. २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली कुठेतरी १६ पिनांचं सॉकेट सापडतंच.

आधी फोटो काढा, मग मिटवा

अ‍ॅप जोडल्यावर ‘क्लिअर’चं बटण समोर दिसतं आणि बोट तिकडेच जातं. थांबा. कोड आला त्या क्षणाची नोंद ईसीयूने ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणून ठेवलेली असते: आरपीएम, वेग, लोड, कूलंटचं तापमान, दोन्ही ट्रिम. कोड मिटवला की ही नोंद जाते आणि शिकलेला लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो. म्हणजे पुरावा आपणच पुसला. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ही नोंद नीट वाचली तर कधी कधी तिथेच काम होतं. वेग ७०, कूलंट ५८ अंश. हायवेवर ७०ने चाललेलं इंजिन ५८ अंशांवर कसं? थर्मोस्टॅट अडकून उघडा राहिलेला असतो, नाहीतर जागेवरच नसतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा ‘उपाय’ आपल्याकडे अजून चालतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात. तो नसला तर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, ईसीयूला इंजिन कायम वॉर्म-अपमध्येच आहे असं वाटतं आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. त्यात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, त्याचा त्रास पुढे येईलच.

उणे आकड्यांचा हिशोब

ईसीयू आधी आत येणारी हवा मोजतो. पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण १४.७ ला १ धरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. एक्झॉस्टमधला पुढचा ओ-टू सेन्सर निकाल सांगतो, आणि त्यानुसार ईसीयू वेळ वाढवतो किंवा कमी करतो. हीच दुरुस्ती टक्क्यांत दिसते. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवलं, उणे म्हणजे कमी केलं. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो. लाँग टर्म ट्रिम किराणा दुकानातल्या खात्यासारखा मागची बाकी पुढे ओढतो.

बघायची ती दोघांची बेरीज. शॉर्ट शून्यावर शांत बसलाय म्हणून गाडी ठीक आहे असं नाही, लाँग उणे २२ असेल तर रोग तिथे मुरलेला आहे. बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असली तर उत्तम, १० पर्यंत चालतं. कोड पडायची मर्यादा कंपनीगणिक बदलते, पण साधारण उणे २० ते २५ च्या आसपास दिवा लागतो.

इथे दोन गैरसमज उडवून देतो. पहिला, ‘काळा धूर नाही, म्हणजे रिच नाही.’ ईसीयू पेट्रोल कापून मिश्रण सांभाळतोय तोवर धूर येणार नाही, वासही येणार नाही. दुसरा, ‘हे सगळं इथेनॉलमुळे.’ ई-२० पेट्रोलला हवा कमी लागते, प्रमाण साधारण १३.५ ला १ च्या घरात येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं आणि जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिककडे सरकतो. रिचच्या कोडशी हे उलट आहे. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉलला शिव्या द्यायच्या तर मायलेजसाठी द्या, पी०१७२ साठी नको. उलट ई-२० वर उणे १८ दाखवणारी जुनी गाडी मुळात त्याहून जास्त रिच असू शकते, हे लक्षात ठेवा.

गाडीला हात लावायच्या आधी

ऑइलची डिपस्टिक काढा आणि वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला किंवा ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं आहे. राजवाडा ते पोवई नाका आणि परत, एवढ्यावरच जगणाऱ्या गाडीत हे सर्रास होतं, कारण ऑइल पुरेसं तापतच नाही आणि आत उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. मग एखाद्या दिवशी कोल्हापूरला निघालात की ऑइल तापतं, पेट्रोलची वाफ पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ परत नेणाऱ्या) पाइपमधून इनटेकमध्ये ओढली जाते आणि इंजिन रिच होतं. खात्री करायची असेल तर इंजिन गरम असताना पीसीव्हीचा पाइप काढा, मॅनिफोल्डकडचं तोंड बुचाने बंद करा आणि ट्रिम बघा. उणे आकडा झपाट्याने शून्याकडे आला तर ऑइल आणि फिल्टर बदला. पेट्रोल ऑइलमध्ये का गेलं हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. कधी उत्तर छोट्या फेऱ्या असतं, कधी गळका इंजेक्टर.

प्लग काढून बघा. चारही प्लगांवर कोरडी काळी काजळी असेल तर सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेलं कारण शोधायचं. एकच काळा किंवा ओला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर संशयित. प्लग बदलून रिचचा कोड जाईल ही आशा सोडा. स्पार्क चुकला तर न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, ओ-टू सेन्सर तो ‘लीन’ (पेट्रोल कमी) म्हणून वाचतो आणि ट्रिम अधिककडे जातो. मिसिंगने लीनचा कोड पी०१७१ येऊ शकतो, पी०१७२ नाही.

एअर फिल्टरबद्दलही तेच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फिल्टर चोंदला की गाडी रिच व्हायची, आणि ते ज्ञान अजून फिरतंय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर फिल्टरच्या पुढे बसलेला असतो. हवा कमी आली की त्यालाही कमीच दिसते आणि पेट्रोलही कमी होतं. पिकअप जाईल, कोड येणार नाही. ऊसतोडणीच्या हंगामात गावाकडच्या धुळीत फिरलेला फिल्टर जरूर बदला, पण या दिव्यासाठी नव्हे.

तीन ठिकाणचा ट्रिम

आता मुख्य काम. इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८० च्या वर, एसी बंद. अ‍ॅपवर आरपीएम, शॉर्ट, लाँग, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब) आणि पुढच्या-मागच्या ओ-टू सेन्सरचे आकडे एकाच पानावर घ्या. आयडलिंगला दोन-तीन मिनिटं थांबून बेरीज लिहा. मग न्यूट्रलमध्ये रेस देऊन २५०० आरपीएमवर मिनिटभर धरा, बेरीज लिहा. तिसरं वाचन रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये चढाला. फोन शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

समजा आयडलला शॉर्ट उणे ८ आणि लाँग उणे १९, बेरीज उणे २७. आणि २५०० ला बेरीज उणे ९. याचा अर्थ बाहेरून ठरावीक मापाचं जादा इंधन आत शिरतंय. आयडलला हवा थोडी असते, म्हणून ते जादा इंधन मोठं दिसतं. हवा वाढली की तेच इंधन नगण्य होतं. संशयित: पर्ज व्हॉल्व्ह, ठिबकणारा इंजेक्टर, ऑइलमधलं पेट्रोल, सीएनजी किटची गळती.

तिन्ही ठिकाणी सारखाच उणे आकडा आला तर मोजमापातच चूक आहे: पेट्रोलचं प्रेशर, तापमान सेन्सर, नाहीतर खोटं बोलणारा ओ-टू सेन्सर. आणि आयडलला ठीक पण चढाला उणे, तर एक्झॉस्ट तुंबलाय का ते बघायचं.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवतो, कारण तो पुष्कळांना फसवतो. मॅप सेन्सर ५ किलोपास्कल जास्त दाखवत असेल, तर आयडलच्या ३३ किलोपास्कलमध्ये ती १५ टक्क्यांची चूक झाली. पूर्ण थ्रॉटलला ९२ च्या जागी ९७ ही जेमतेम ५ टक्क्यांची. म्हणजे बिघडलेला मॅप सेन्सरसुद्धा ‘फक्त आयडलला रिच’ असं सोंग आणू शकतो. म्हणून पुढची तपासणी टाळू नका.

सातारा ९३, सांगली ९५, महाबळेश्वर ८६

आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून हवेचा हिशोब करतो. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याइतकाच दाब असतो. तेव्हा सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवायला हवा, आणि तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून आपल्याला आधीच माहीत असतो.

सातारा शहर साधारण ७०० मीटरवर आहे, इथे ९३ किलोपास्कलच्या आसपास यायला हवेत. सांगली ५५० मीटरवर, तिथे ९५. महाबळेश्वरला १३५० मीटरवर ८६. हवामानाने एखादा किलोपास्कल इकडेतिकडे होतो, तेवढा सोडा. साताऱ्यात चावी ऑन करून १०१ दिसले तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय. फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप इथे प्रमाण मानू नका. ते दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतं, म्हणून साताऱ्यातही १०१० वगैरे आकडा दिसतो. आणि एकाच ठिकाणच्या वाचनावर समाधान नसेल तर यवतेश्वरच्या घाटाने वर कासला जा. पठार १२०० मीटरच्या घरात आहे, तिथे ८८ च्या आसपास यायला हवेत. खाली बरोबर आणि वर चूक, असा सेन्सरही असतो.

चावी ऑन असतानाच तापमानंही बघून घ्या, पण ही तपासणी रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी करायची. कूलंट आणि इनटेक हवा, दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाशी दोन-चार अंशांत जुळले पाहिजेत. बाहेर २७ अंश आणि इनटेक सेन्सर ७ दाखवतोय, तर ईसीयूला हवा प्रत्यक्षापेक्षा सुमारे ७ टक्के दाट वाटेल आणि तेवढं पेट्रोल तो वाढवेल. उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे किंवा सॉकेट निघालंय. साताऱ्यात तेवढी थंडी अजून पडलेली नाही.

मग इंजिन चालू करून गरम आयडलला मॅप बघा. निरोगी इंजिन साधारण २८ ते ४० किलोपास्कलमध्ये बसतं. चावी ऑनला सेन्सर बरोबर आणि आयडलला ४५-५० दिसतात, तर सेन्सर खरं बोलतोय आणि इंजिनच व्हॅक्यूम कमी करतंय. टायमिंग चेन किंवा बेल्ट एक दात सरकलेला, व्हॉल्व्ह टाइट झालेले, असं काहीतरी यांत्रिक आहे. व्हॅक्यूम कमी म्हणजे दाब जास्त, दाब जास्त म्हणजे हवा जास्त असं ईसीयू समजतो आणि पेट्रोल ओततो. एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) आतून ढासळून तुंबला असेल तर हेच लोडवर होतं: चढाला दाब वाढतो, हवा तेवढी आत जात नाही, ट्रिम उणे जातो आणि गाडीचा दम कोंडल्यासारखा होतो. अशा वेळी फ्युएल लाइनमध्ये काहीही शोधत बसलात तरी हाती लागणार नाही.

टोयोटासारख्या ज्या गाड्यांत मॅपऐवजी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असतो तिथे त्याची तार साफ करून बघायला हरकत नाही, मात्र त्यासाठी मिळणारा एमएएफ क्लीनरच वापरा. कार्ब क्लीनर मारू नका.

ओ-टू सेन्सर खोटा की खरा? उत्तर उताराला

आता त्या बदनाम सेन्सरकडे येऊ. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा. ०.४५ च्या वर रिच, खाली लीन. नव्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा वाइडबँड सेन्सर असतो, तिथे अ‍ॅपवर लॅम्डा बघा: १ म्हणजे बरोबर, १ च्या खाली रिच.

पुढचा सेन्सर ०.८५ वर अडकून बसलाय तर दोन शक्यता. मिश्रण खरंच रिच आहे, किंवा सेन्सर अडकलाय. मागच्या सेन्सरला साक्षीला घ्या. कॅटच्या मागचाही सतत ०.८ वर असेल तर इंजिन खरंच रिच. पुढचा वर आणि मागचा ०.१ वर खाली पडलेला, तर पुढच्यावर संशय. खोट्या रिचची आणखी एक खूण म्हणजे गाडी उचकते, पिकअप घेताना अडखळते आणि प्लग पांढरट असतात. ईसीयू उगाच पेट्रोल कापतोय आणि प्रत्यक्षात मिश्रण लीन चाललंय.

साताऱ्यात राहायचा एक फायदा असा की चांगली चाचणी दारातच आहे. यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. क्लच दाबायचा नाही. आरपीएम पुरेसा असेल तर ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, इंजिनातून नुसती हवा जाते आणि दोन-तीन सेकंदांत ओ-टू सेन्सर ०.१ च्या खाली किंवा शून्याजवळ यायला हवा. आला, तर सेन्सर बहुधा जिवंत आहे, त्याला हात लावू नका. इंजेक्टर बंद असताना ०.७ दाखवत राहिला, तर सेन्सर, त्याची वायरिंग किंवा आत कुठून तरी झिरपणारं इंधन. ही चाचणी कासच्या फुलांच्या हंगामात रविवारी करू नका, घाटात गाड्यांची रांग असते. मधल्या वारी सकाळी जा.

घाट जवळ नसेल, म्हणजे सांगलीकरांसाठी, दुसरा मार्ग: गरम आयडलला एखादा छोटा व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा. व्होल्टेज लगेच खाली पडलं पाहिजे.

पीयूसी केंद्राचं मशीनही कामाला येतं. पेट्रोल गाडीची पीयूसी करताना सीओ आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि हाय आयडलला लॅम्डाही. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांसाठी आयडलला सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. स्क्रीनवर लॅम्डा १.०५ दिसला आणि गाडीत मात्र रिचचा कोड आहे, तर सेन्सर खोटा. सर्टिफिकेट देऊन झाल्यावर ‘दादा, जरा स्क्रीनवरचे आकडे दाखवा की’ म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही.

पर्ज व्हॉल्व्ह: सोपा आणि दुर्लक्षित

पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून ठरावीक वेळीच इंजिनात ओढली जाते. व्हॉल्व्ह उघडा अडकला की आयडललाही वाफ येत राहते. पंपावर ऑटो-कट झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणत काठोकाठ भरायची सवय असेल तर कॅनिस्टरमध्ये प्रत्यक्ष पेट्रोलच जातं. टाकी फुल्ल केल्यावर लगेच गाडी दोन-तीन सेल्फ घेते, हे त्याचं लक्षण.

तपासणी दोन मिनिटांची. गरम आयडलला मॅनिफोल्डकडे जाणारा पर्जचा पाइप क्लॅम्पने दाबून बंद करा. वरच्या उदाहरणातली गाडी असेल तर लाँग उणे १९ वरच राहील, कारण तो हळू हलतो. पण शॉर्ट काही सेकंदांत उणे ८ वरून अधिक १५-१८ पर्यंत उडी मारेल. बेरीज शून्याजवळ आली, म्हणजे चोर सापडला. व्हॉल्व्ह काढून, त्याला करंट नसताना तोंडाने फुंकून बघा. हवा पार जायला नको. गेली तर बदला. कॅनिस्टर पेट्रोलने भिजला असेल तर नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही.

सीएनजी असेल तर आधी गॅस बंद

बाहेरून बसवलेलं किट असेल तर ही पायरी खरं तर सगळ्यांच्या आधी करावी. ‘गाडी पेट्रोलवर चालतीय तरी रिच दाखवतीय, मग गॅसचा काय संबंध ओ?’ असं विचारतात. संबंध आहे. गॅसचा इंजेक्टर नीट बंद होत नसेल किंवा रिड्यूसरचा पडदा फाटून गॅस व्हॅक्यूमच्या पाइपमधून येत असेल, तर पेट्रोलवर चालताना गॅसही थोडा आत जात राहतो. गाडी पेट्रोलवर घ्या, सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला उरलेला गॅस संपू द्या आणि ट्रिम पुन्हा वाचा. सुधारला तर किटमध्ये गळती आहे. गॅसचे पाइप स्वतः सोडायचे नाहीत, अधिकृत फिटरकडेच जायचं.

दुसरी शक्यता ट्यूनिंगची. पुष्कळ किट पेट्रोलच्या ईसीयूने ठरवलेली वेळ घेऊन ती गॅससाठी गुणतात. हे गुणकांचं कोष्टक, म्हणजे किटचा ‘मॅप’ (मॅप सेन्सर नव्हे), ढिसाळ बसवलं असेल तर गॅसवर चालताना मिश्रण रिच होतं, पेट्रोलचा ईसीयू उणे ट्रिम शिकतो, आणि पेट्रोलवर आल्यावर तोच उणे आकडा वापरून गाडी उचकवतो. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर, सारख्या आरपीएमला, ट्रिम लिहून काढा. फरक मोठा असेल तर कागद घेऊन फिटरकडे जा आणि लॅपटॉप लावून मॅप जुळवून घ्या. ‘गॅसवर असंच असतं’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

इंजेक्टर आणि प्रेशर शेवटी

इतकं होऊनही चोर सापडला नाही तर इंजेक्टर. गाडी चालवून बंद केल्यावर अर्ध्या तासाने सुरू करताना सेल्फ लांबतो, सुरू होताना काळा भपका येतो, हे ठिबकणाऱ्या इंजेक्टरचं नेहमीचं लक्षण. खात्री करायची तर फ्युएल रेल इंजेक्टरसकट उचलून, पंप प्राइम करून, नोझलकडे बघावं लागतं. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब आग लावायला पुरेसा आहे. हे काम थंड इंजिनावर, गॅरेजमध्ये, अग्निशामक शेजारी ठेवूनच. क्लीनिंगने चोंदलेला इंजेक्टर सुधारतो, सील झिजून गळणारा सहसा नाही.

फ्युएल प्रेशरवर अनेकांचा विनाकारण जीव असतो. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ट्रिम उणे २० म्हणजे पेट्रोल सव्वापट जातंय, त्यासाठी प्रेशर साधारण दीडपटीहून जास्त हवं. ३ बारच्या जागी जवळपास ४.७. रेग्युलेटर थोडासा कमजोर होऊन एवढं होत नाही. तो पूर्ण अडकला असेल, किंवा टाकीतला पंप बदलताना दुसऱ्याच गाडीचं असेंब्ली बसवलं असेल, तेव्हाच. पंप नुकताच बदललेला असेल तर गेज लावून घ्या, नाहीतर हा खर्च शेवटी. ज्या जुन्या गाड्यांत रेग्युलेटर रेलवर असतो, त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं दिसलं तर पडदा फाटलाय.

दुरुस्तीनंतर

आता कोड मिटवा. लाँग टर्म शून्यावर येईल, जुनी उणे बाकी पुसली जाईल. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असेल तर ऑइलही याच वेळी बदला, नाहीतर पार्ट बरोबर बसवूनही ट्रिम उणेच दिसेल आणि तुम्ही चांगल्या पार्टवर संशय घ्याल. मग थोडं शहरात, थोडं कोरेगाव रस्त्याला किंवा हायवेला असं मिसळून चालवा आणि त्याच तीन ठिकाणचे आकडे आधीच्या कागदाशेजारी लिहा.

दिवा लागला नाही एवढ्यावर थांबू नका. हा कोड साधारणपणे पहिल्या फेरीत ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो आणि पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तरच दिवा लागतो. आठवडाभराने अ‍ॅपमधली पेंडिंगची यादी उघडून बघा. तिथे पी०१७२ असेल तर फ्रीझ फ्रेम आहे का तेही बघा, आणि आयडल की लोड, या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करा. आणि तिथे पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) नवा दिसला, तर बरेच महिने रिच चाललेल्या इंजिनाने कॅट खाल्लेला असू शकतो. त्याचा खर्च मोठा आहे, म्हणून नवा कॅट मागवण्याआधी ट्रिमची बेरीज ५ च्या आत आल्याची खात्री करून घ्या.